डबा उघडताना

माणसांचे देवाने दोन वर्ग केले आहेत. वस्तू बिघडली की ती दुकानात नेऊन देणारे हा पहिला, आणि वस्तू बिघडायचीसुद्धा वाट न पाहता ती उघडून बघणारे हा दुसरा. पहिल्या वर्गातली माणसं सुखी असतात. त्यांना रात्री झोप लागते आणि त्यांच्या घरातल्या घड्याळांना दोन्ही काटे असतात. मी जन्मापासून दुसऱ्या वर्गात आहे. आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यावर आमच्या हिने वळणदार अक्षरात 'उरलेले' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे. पाहुण्यांना वाटतं, आत शेव किंवा चकली असेल. आत असतात ते स्क्रू. पंखा, मिक्सर, इस्त्री, मेव्हण्याचा टेपरेकॉर्डर, असं जे जे माझ्या हातून सुटून पुन्हा जुळलं, त्या प्रत्येकातून एखाद-दुसरा स्क्रू वाचलेला आहे. माझं म्हणणं असं, की तो काढूनही पंखा फिरतो आहे, त्याअर्थी कंपनीने तो उगाच घातला होता. हिचं म्हणणं असं, की मग त्या पंख्याखाली तुम्ही बसून दाखवा.

अशा माणसाने निवृत्तीनंतर जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्त करायचा नाद धरावा, यात नवल काही नाही. नवल हे, की लोक विश्वासाने आपले डबे माझ्याकडे आणून देतात.

सुरुवात पुण्यातच झाली. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे नातवाला घेऊन गेलो होतो. नातू दहा मिनिटांत कंटाळला आणि मी दोन तासांनी बळंच बाहेर निघालो. मग जुन्या बाजारात एक पत्र्याची वाघीण मिळाली, मग दुसरी, आणि हळूहळू सोसायटीत बातमी पसरली की तिसऱ्या मजल्यावरचे हे गाड्या दुरुस्त करतात. माझ्या हातून काय काय बिघडलं ही बातमी मात्र तितकीशी पसरली नाही. या जगात न्याय नाही असं म्हणतात. पण कधीकधी तो नसतो हे बरंच असतं.

तर एके दिवशी खालच्या मजल्यावरचे अण्णा आले. वय पंच्याऐंशी, आवाज पंचवीस. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ते त्यांनी टेबलावर ठेवलं, हळूच सोडलं आणि म्हणाले, "नव्यासारखा करून दे."

आत एक तांबडा डबा होता. वीतभर लांबीचा, पत्र्याचा, चार चाकांचा, सरकत्या दाराचा. अंगावर सोनेरी अक्षरात नाव : क्रॉफर्ड्स बिस्किट्स.

"क्रॉफर्ड मार्केटातून घेतलेला," अण्णा म्हणाले. "नावच आहे बघ."

मला बोलवत नव्हतं, पण बोललो. मुंबईच्या मार्केटचे क्रॉफर्ड वेगळे. ते ऑर्थर क्रॉफर्ड, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. हे क्रॉफर्ड स्कॉटलंडमधले, एडिंबराजवळच्या लीथ बंदरातले बिस्किटवाले. लिव्हरपूलच्या हॉर्नबी कारखान्याने १९२० च्या दशकात अशा जाहिरातीच्या डब्यांची एक मालिकाच काढली होती. कोणावर बिस्किटं, कोणावर चॉकलेट, कोणावर केळी, एकावर तर मोहरीची पूड. पोरांनी खेळावं आणि आईबापांनी बिस्किटं घ्यावीत. जाहिरातवाले तेव्हाही आपल्या पुढेच होते.

"असेल," अण्णा म्हणाले. पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांची समजूत माणूस अशी एका शब्दात सोडतो, तेव्हा त्याने ती सोडलेली नसते.

अण्णांचे वडील जी. आय. पी. रेल्वेच्या कचेरीत होते. १९४७ मध्ये त्यांचा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. बाकीच्या बाबूंनी खुर्च्या घेतल्या, कपबशा घेतल्या. यांच्या वडिलांनी पोरांसाठी किल्लीचं इंजिन आणि हा एक डबा आणला. पोरं दोन. अण्णा सात वर्षांचे आणि दादा अकराचे. पुढे दोघं मोठे झाले, नोकऱ्या झाल्या, लग्नं झाली, आणि १९८४ मध्ये घराची वाटणी झाली. महाराष्ट्रात वाटणी कशी होते हे मी सांगायला नको. पितळी हंडे मोजले जातात, देव मोजले जातात, परसातलं फणसाचं झाड एकाकडे आणि त्याची सावली दुसऱ्याकडे जाते. त्या वाटणीत इंजिन अण्णांकडे आलं आणि डबा दादांकडे गेला.

म्हणजे पुढची चाळीस वर्षं एकाकडे डब्यावाचून इंजिन आणि दुसऱ्याकडे इंजिनावाचून डबा. आणि दोघांमध्ये बोलणं नाही.

दादा मागल्या वर्षी गेले. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी हा डबा पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. फडकं मात्र दादांच्या धोतराचं.

डबा मी निरखून पाहिला. छताला मधोमध एक मोठा पोचा. दार अडकलेलं. चाकं काळी, त्यातली तीन धातूची, आणि चौथ्याच्या काळ्या रंगात काहीतरी निराळं. चार दिवस द्या, मी म्हणालो. अण्णा दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मोडू नकोस हं."

आता हे 'मोडू नकोस' ऐकायला सोपं वाटतं. एखाद्या वस्तूला न दुखावता उघडणं म्हणजे काय, हे ती उघडायला बसल्याशिवाय कळत नाही.

पत्र्याची ही खेळणी ज्या पत्र्याची असतात त्याची गंमत सांगतो. तो असतो पोलादाचा, आणि त्याच्यावर असतो कथलाचा पातळ मुलामा. कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच. मी लहानपणी वाड्याच्या दारात भात्याजवळ तासन् तास बसून ज्याचा नवसागराचा धूर खाल्ला, तेच हे कथील. फरक इतकाच की आपल्या पातेल्याला दरवर्षी नवी कल्हई मिळते आणि या डब्याला जन्मात एकदाच. ती खरवडली गेली की आतलं पोलाद उघडं पडतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पोलाद उघडं पडलं की पुढे काय होतं ते खिडकीच्या गजांना विचारावं. म्हणून गंज दिसला की पॉलिश पेपर घेऊन तुटून पडायचं नसतं. मऊ ब्रश, सुती कापड, आणि लागलंच तर हलक्या तेलाचा एक थेंब, तोही काडीच्या टोकाने. सोनेरी अक्षरं छापलेली नसतात, ती वरून चिकटवलेली चित्रं असतात. त्यांच्यावर स्पिरिट फिरवलं की डबा स्वच्छ होतो आणि क्रॉफर्डसाहेब फडक्यावर येतात. हे मी एका चॉकलेटच्या डब्यावर शिकलो. तो डबा अजून माझ्याकडेच आहे, कारण तो कोणाला दाखवण्यासारखा राहिलेला नाही.

पण खरी परीक्षा असते जोडकामाची. यात स्क्रू नसतात. (ही म्हणाली, "मग उरेल काय?" तेव्हा मी हसलो होतो.) एका भागाच्या कडेला नखाएवढ्या पत्र्याच्या जिभा ठेवलेल्या असतात, दुसऱ्या भागात खाचा. जीभ खाचेतून घालायची आणि पलीकडून वाकवायची, झालं. कारखान्यात एकदा वाकवली की ती जन्मभर तशीच राहणार, या हिशोबाने केलेली. ती उघडायची तर सरळ करावी लागते, आणि बंद करताना पुन्हा वाकवावी लागते. तार तोडायला पक्कड नसली की आपण काय करतो? ती पुढेमागे वाकवतो. दर वाकवणीला धातू थोडा कडक होतो, थोडा ठिसूळ होतो, आणि मग एकदा ऐकू येतं, टिक्. त्या जिभांना किती वाकवण्या शिल्लक आहेत हे वरून दिसत नाही. म्हणून जाणकार सगळ्या जिभा सोडतच नाहीत. जेवढ्याने काम भागेल तेवढ्याच, त्याही पुऱ्या सरळ न करता, खाचेतून निघण्यापुरत्या. आणि बहुतेक वेळा खरे जाणकार डबा उघडतच नाहीत. पण ते पहिल्या वर्गातले.

गंमत म्हणजे हे ज्याने सुरू केलं तो गृहस्थ उघडणाऱ्यांचा गुरू होता. फ्रँक हॉर्नबी. लिव्हरपूलला मांस आयात करणाऱ्या एका पेढीत कारकुनी करत होता. आपल्या मुलांसाठी त्याने पत्र्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचं खेळणं केलं, १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्याचंच मेकॅनो झालं. १९२० मध्ये त्याने आगगाड्या काढल्या, त्या पहिल्या गाड्यासुद्धा नटबोल्टांच्याच होत्या. पोराने हवी तेव्हा खोलावी, हवी तेव्हा जुळवावी. मग थोड्याच वर्षांत कारखान्याच्या लक्षात आलं की जिभा वाकवणं सोपं आणि स्वस्त. तेव्हापासून गाडी खोलायची वस्तू राहिली नाही, नुसती चालवायची झाली. बिन्स रोडवरचा तो कारखाना १९७९ साली बंद पडला. हॉर्नबी १९३६ मध्येच गेला होता. तो असता तर त्याला जिभांबद्दल दोन शब्द विचारायचे होते.

मी पहिल्या रात्री फक्त फोटो काढले. चारी बाजूंनी, वरून, खालून. सुरुवात नेहमी फोटोंपासून करावी. जुळवताना 'हे असंच होतं' असं आपल्याला जे ठामपणे आठवतं ते साफ खोटं असतं. दुसऱ्या रात्री चाकांकडे वळलो. धातूची तीन चाकं जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. या धातूला एक रोग असतो. ओतताना त्यात किंचित शिसं मिसळलं गेलं तर वीस-तीस वर्षांनी धातू आतून फुगायला लागतो, त्याला भेगा पडतात, आणि एक दिवस चाक वाळल्या बिस्किटासारखं भुगा होऊन हातात येतं. याला इलाज नाही. रंग देऊन उपयोग नाही, चिकटवून उपयोग नाही. पाप जन्माच्या वेळचं असतं आणि फळ म्हातारपणी मिळतं. संचित म्हणतात ते हेच असावं.

तीन चाकांत नुसत्या केसासारख्या भेगा होत्या. चौथं चाक मी भिंगाखाली धरलं आणि पाहतच राहिलो. ते लाकडाचं होतं. शिसवीचं असावं. कोणीतरी ते घासून, गोल करून, मध्ये नेमकं छिद्र पाडून, काळा रंग देऊन मूळच्या आसावर बसवलं होतं. चाकाची बाहेरची कडसुद्धा बाकीच्यांसारखी पायरी सोडून कोरलेली. वर्ष-सहा महिन्यांचा नाद असलेल्या माणसाचं हे काम नव्हे. हे एका माणसाने, एका चाकासाठी, हवा तेवढा वेळ काढून केलेलं काम होतं.

म्हणजे दादांनी. इंजिन शेजारच्या गल्लीत भावाकडे, बोलणं बंद, डबा चालवणार कशाला जोडून? तरी त्यांनी चाक केलं होतं.

इथून माझी पंचाईत सुरू झाली. अण्णांनी सांगितलं होतं, नव्यासारखा कर. या डब्यांची हुबेहूब नवी चाकं विलायतेत मिळतात. मी ती मागवलीसुद्धा होती, पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात. (चाकांपेक्षा टपालखर्च जास्त झाला. ही गोष्ट हिला माहीत नाही. हा लेख छापून आला तर होईल.) ती बसवली की डबा कारखान्यातून निघाला तसा दिसेल. पण मग दादांचं चाक काढून टाकायचं. आता या डब्यात मूळचं ते कुठलं? साहेबांच्या कारखान्यातलं चाक मूळचं म्हणावं, तर ते भुगा होऊन गेलं. विलायतेहून येणारं चाक मूळच्यासारखं, पण ते गेल्या महिन्यात जन्मलेलं. लाकडी चाक मुळीच मूळचं नाही, पण डब्याबरोबर कितीतरी वर्षं राहिलेलं.

शहाण्या माणसांनी यावर पूर्वीच डोकी फोडून ठेवली आहेत. ग्रीक लोकांनी थिसियसचं जहाज जपून ठेवलं होतं. कुजली फळी की बदल, कुजली की बदल. प्लूटार्क सांगतो की तिथले तत्त्वज्ञ त्यावरून भांडत, हे जहाज तेच की दुसरं? पुढे १६५५ मध्ये हॉब्ज नावाच्या इंग्रजाने आणखी घोळ घातला. समजा, म्हणाला, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर थिसियसचं कोणतं? हा हॉब्ज नक्कीच उघडणाऱ्यांच्या वर्गातला. 'उरलेले' असा त्याच्याही घरी डबा असला पाहिजे. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता? दांडा म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. नागसेनाचा मुद्दा निराळ्याच गावचा होता. पण रात्री अकरा वाजता टेबलावर एक आस आणि चार चाकांची तीन जातीची भावंडं मांडून बसलेल्या माणसाला तो एकदम आपल्या गावचा वाटतो.

इमारती दुरुस्त करणाऱ्यांतही हेच भांडण आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक म्हणून वास्तुशास्त्रज्ञ होता. त्याचं मत, दुरुस्ती म्हणजे इमारत अशी पुरी करावी की कदाचित पूर्वी ती कधीच इतकी पुरी नसेल. त्याने पॅरिसच्या नोत्र दामला आपल्या कल्पनेने नवा मनोरा चढवला. इंग्लंडात रस्किनने १८४९ मध्ये लिहिलं की असली दुरुस्ती ही निव्वळ लबाडी आहे, आणि त्याचं ऐकून मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींना दुरुस्त करणाऱ्यांपासून वाचवायला चक्क एक संस्था काढली. मला हा रस्किन पटतो. पण पुढची गोष्ट अशी, की २०१९ मध्ये नोत्र दामला आग लागून तो मनोरा जळाला, तेव्हा लोकांनी तो बांधला कसा? द्यूकने बांधला होता तसाच. एकशेसाठ वर्षांत ती लबाडीच मूळची झाली होती. आमच्या ओळखीचे एक रफूगार होते. ते म्हणत, उत्तम रफू ते की जे मालकालाही सापडू नये. आणि मंदिरातल्या झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप करतात तेव्हा लोक रांगा लावून दर्शन घेतात. ही मूर्ती जुनी की लेप नवा, असं कोणी बडव्याला विचारत नाही. तेव्हा रस्किन एकीकडे आणि रफूगार दुसरीकडे, मध्ये मी. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा बाजार मात्र रस्किनच्या बाजूने आहे. मूळचा रंग पोपडे आलेला असला तरी त्याला भाव जास्त, नवा चकाचक रंग दिला की भाव खाली. माणसांच्या बाबतीत हे का लागू होत नाही कोण जाणे.

असा विचार करत करत मी तिसऱ्या रात्री डबा उघडला. दार अडकलं होतं, आणि छताचा पोचा काढायचा तर आतून हात घालायला हवा. तळाच्या आठ जिभांपैकी एका बाजूच्या चार सोडायचं ठरवलं. रुंद, बोथट, कडा घासलेली पट्टी, खाली कापड, वर दिवा. पहिली जीभ उठली. दुसरी उठली. तिसरीला पट्टी लावली, थोडीशी उचलली, आणि ऐकू आलं, टिक्.

इतका लहान आवाज. शेजारच्या खोलीत ही झोपली होती, तिला तो ऐकू गेला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली की बायकोला काही विशिष्ट आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतात. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज काय उरलं?"

नखाच्या कोरीएवढा पत्र्याचा तुकडा. मी तो कागदावर घेतला. मग तुटलेली जागा भिंगाखाली पाहिली आणि माझा जीव भांड्यात पडला. तुटीचा एक भाग चकचकीत होता, आत्ताचा. पण दुसरा भाग काळवंडलेला, जुना. म्हणजे जीभ आधीच अर्धी गेलेली होती. बाकीच्या जिभांवरही वाकवल्याच्या जुन्या खुणा होत्या. दादांनी हा डबा पूर्वी उघडला होता. त्यांनीच ती अर्धी तोडली असणार. मी आपला शेवटचा निमित्तमात्र.

"मग अण्णांना तसं सांगा," ही म्हणाली.

"तसंच सांगणार आहे."

"कसं?"

मी उत्तर दिलं नाही. ती झोपायला गेली. खरं तर सांगायचंच कशाला, असाही विचार मी बराच वेळ केला. सात जिभा शाबूत आहेत, डबा त्यांच्यावर छान उभा राहतो. तुटलेली जागा तळाला आहे, अण्णांना मोतीबिंदू आहे. जी इजा मालकाला कधी दिसणार नाही, ती झाली की नाही झाली? थिसियसच्या जहाजावर भांडणाऱ्यांनी यावर काही लिहून ठेवलेलं मला तरी सापडलं नाही. त्यांना बहुधा जहाज परत कोणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

डागही मी दिला नाही. डाग दिला असता तर जीभ जोडली गेली असती, पण त्या आचेने बाजूचा तांबडा रंग भाजून निघाला असता. दार मात्र सुटलं. मार्गात नुसता वाळलेला मळ होता. पोच्याला आतून बोट लावलं. पोचा काढता येतो, पण पत्रा ताणला गेलेला असतो, आणि दाबला की पोच्याच्या कडेने रंगाचे पोपडे उडतात. पोचा काढला तर रंग जाईल. नवा रंग दिला तर तो क्रॉफर्डचा राहणार नाही. हे अण्णांनीच ठरवावं म्हणून तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णा आले. हिने चहा ठेवला आणि, नेमकी, समोरच बसली.

मी दार सरकवून दाखवलं. अण्णा खूश. मग मी डबा उलटा केला आणि सुरुवात केली. "अण्णा, ही एक जीभ, म्हणजे पत्र्याचा हा भाग, तो जरा... दादांनी पूर्वी हा डबा उघडलेला दिसतो. त्या वेळी ती बहुधा त्यांच्या हातून..."

अण्णांनी कप खाली ठेवला. डबा माझ्या हातातून घेतला, सुलटा केला, आणि छताच्या पोच्यावरून अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं माहीत आहे?"

"दादांनी?"

"मी. एकोणपन्नास साली. रुसून वर बसलो. वडील घरी आले, विचारलं कोणी केलं. मी दादाकडे बोट दाखवलं."

"मग?"

"मग काय? त्याच्या थोबाडीत बसली. दोन."

"दादा काही बोलले नाहीत?"

"नाही. माझ्याकडे बघितलं नुसतं." अण्णा थोडा वेळ थांबले. "वाटणीच्या वेळेला मी हट्टाने इंजिन मागितलं, तेव्हाही त्याने तसंच बघितलं होतं."

ही उठून आत गेली. तिला आत काही काम नव्हतं.

मी म्हणालो, "अण्णा, ती जीभ माझ्या हातून तुटली. थोडी आधी तडकलेली होती हे खरं, पण तोडली मी."

"ते कळलं मला."

"कधी?"

"तू 'बहुधा' म्हणालास तेव्हा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुकडा ठेवलायस ना?"

मी पुडी पुढे केली. पुडीवर तारीख, कुठला भाग, कसा तुटला, सगळं लिहिलं होतं, माझ्या नावासकट. ते नाव मी त्याच क्षणी लिहिलं होतं की रात्रीच, हे विचारू नये.

मग चाकाचं निघालं. लाकडी आहे हे अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन पाहिलं, नखाने टोचून पाहिलं. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. पण अण्णा म्हणाले, "थोडं लहान झालंय. दादाचं माप नेहमी चुकायचं." मी मोजलं होतं. खरोखरच अर्ध्या मिलिमीटरने लहान होतं. मी विलायतेची चाकं काढून दाखवली, हवी तर बसवतो म्हणालो. अण्णांनी किंमत विचारली. मी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली घेऊन सांगितली.

"वेडा आहेस," अण्णा म्हणाले. "ती तुझ्याजवळ ठेव. बाकीची तीन मेली की बघू. हे राहू दे."

"आणि पोचा?"

"त्याला हात लावायचा नाही."

टेबलावर मी बत्तीस मिलिमीटरच्या रुळाचे दोन तुकडे जोडून ठेवले होते. अण्णांनी डबा त्यावर ठेवला आणि बोटाने ढकलला. तो गेला, पण एका कोपऱ्यावर किंचित बसत, किंचित उठत. लंगडत म्हणा. त्यांनी तो परत आणला, पुन्हा ढकलला. असं सात-आठ वेळा केलं. चहा निवला.

मग त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. ती माझ्या लक्षातच आली नव्हती. त्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं इंजिन निघालं. चार चाकांचं, तांबडं, डब्यापेक्षा कितीतरी चांगल्या स्थितीतलं. चाळीस वर्षं कपाटात राहिलेलं.

"हे बघ चालतंय का."

मी ते हातात घेतलं. किल्लीच्या यंत्राच्या बाबतीत माझा एक नियम आहे. आतली स्प्रिंग गुंडाळलेली असेल तर मी यंत्राला हात लावत नाही. नीट न धरता ती सुटली तर बोटं सोलवटून काढते. आधी किल्ली लावून अंदाज घ्यावा, स्प्रिंग पूर्ण उलगडून घ्यावी, मगच पुढचं. तसं मी सांगितलं आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

अण्णा रुळावरच्या डब्याकडे बघत होते.

"किल्ली दादाकडे राहिली," ते म्हणाले.

"मग इंजिन चाळीस वर्षं..."

"बंदच आहे."

ही आतून बाहेर आली. तिने टेबलावरच्या निवलेल्या कपाकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि कोपऱ्यातला फोन उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"वहिनींचा नंबर पाठ आहे का अण्णा, की वहीत बघू?"

"पाठ आहे," अण्णा म्हणाले.